जिंकूनही टीकेचा धनी ठरणाऱ्या क्वार्टरबॅकचे मूल्यमापन कसे करावे

अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलमध्ये जवळजवळ दर हंगामात एखादा तरी क्वार्टरबॅक (चढाईची सूत्रे हाती असलेला, पास फेकणारा खेळाडू) असा निघतो की, त्याचा संघ आठवड्यामागून आठवडा जिंकत असतो आणि त्याच संघाचे चाहते त्याला बाकावर बसवा म्हणून प्रशिक्षकाच्या मागे लागलेले असतात. एक गट म्हणतो, ‘जिंकतोय ना, मग आणखी काय हवे?’ दुसरा गट म्हणतो, ‘याच्यामुळे नव्हे, हा असूनही जिंकतोय.’ मुलांच्या विद्यापीठामुळे या खेळाकडे ओढल्या गेलेल्या अमेरिकेतल्या मराठी घरांतही शनिवारी दुपारी हा वाद रंगतो आणि बहुधा ज्याचा आवाज मोठा त्याच्या बाजूने संपतो. वास्तविक ही दोन्ही विधाने तपासून पाहता येतात. ती कोणत्या क्रमाने तपासावीत आणि कोणत्या पुराव्याला किती वजन द्यावे, हे पुढे सांगितले आहे.

उदाहरणासाठी मुख्यतः जॉर्जिया विद्यापीठाचा स्टेट्सन बेनेट घेतला आहे, कारण त्याच्यावरची टीका दीर्घकाळ चालली आणि त्याच्या कारकिर्दीत वादाच्या दोन्ही बाजूंना भरपूर सामग्री सापडते. तो २०१७ मध्ये शिष्यवृत्तीविना संघात आला, एक वर्ष मिसिसिपीतल्या ज्युनियर कॉलेजात खेळून परतला, आणि पुढे २०२१ व २०२२ या सलग दोन हंगामांत त्याने जॉर्जियाला राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिले. त्याआधी जॉर्जियाचे शेवटचे विजेतेपद १९८० चे होते. सलामीचा क्वार्टरबॅक म्हणून त्याची नोंद २९ विजय आणि ३ पराभव अशी आहे. तरीही डिसेंबर २०२१ मध्ये, म्हणजे पहिल्या विजेतेपदाच्या जेमतेम महिनाभर आधी, जॉर्जियाच्या चाहत्यांपैकी मोठ्या वर्गाला त्याच्या जागी संघातलाच दुसरा क्वार्टरबॅक जे. टी. डॅनियल्स हवा होता.

विजय कोणाच्या खात्यावर आहे ते आधी पाहावे

क्रिकेटमध्ये संघ हरला तरी फलंदाजाचे शतक त्याच्या नावावर वेगळे राहते. फुटबॉलमध्ये मात्र संपूर्ण संघाचा जय-पराजय क्वार्टरबॅकच्या नावापुढे लिहिण्याची रूढी आहे आणि गोंधळाला तिथूनच सुरुवात होते. क्वार्टरबॅक मैदानावर असतो तो फक्त आपल्या संघाच्या ताब्यात चेंडू असताना. प्रतिस्पर्ध्याला रोखणारे अकरा जण वेगळे असतात, किक मारणारे वेगळे असतात. त्यामुळे त्याच्या नावापुढचा विजय ही संघाची मिळकत आहे हे मान्य करून त्यातला त्याचा वाटा शोधावा लागतो.

हा वाटा किती लहान असू शकतो, याचे उदाहरण ७ जानेवारी २०१० च्या राष्ट्रीय अंतिम सामन्यात सापडते. अलाबामाने टेक्ससला ३७–२१ असे हरवले, पण अलाबामाचा क्वार्टरबॅक ग्रेग मॅकेलरॉय याने दिवसभरात फक्त ११ पास फेकले, त्यांतले ६ पूर्ण झाले, म्हणजे सहकाऱ्यांनी झेलले, आणि त्यांतून ५८ यार्ड मिळाले. मार्क इंग्रम आणि ट्रेंट रिचर्डसन या दोन धावपटूंनी चेंडू घेऊन धावत प्रत्येकी शंभराहून अधिक यार्ड मिळवले, आणि टेक्ससचा क्वार्टरबॅक कोल्ट मकॉय सामन्याच्या सुरुवातीलाच जखमी होऊन बाहेर गेला होता. या सामन्यावरून मॅकेलरॉय चांगला ठरत नाही, तसाच वाईटही ठरत नाही. त्याच्याविषयी हा सामना जवळजवळ काहीच सांगत नाही, आणि असे सामने हिशोबातून बाजूला काढण्याचे धैर्य मूल्यमापन करणाऱ्याकडे असले पाहिजे.

त्यासाठी एक सोपी पद्धत वापरावी. हंगामातले सगळे सामने दोन ढिगांत वाटावेत. ज्या सामन्यांत आपल्या बचावफळीने प्रतिस्पर्ध्याला २० किंवा त्याहून कमी गुणांवर रोखले ते एका ढिगात, आणि जिथे प्रतिस्पर्ध्याने २० हून अधिक गुण केले ते दुसऱ्या ढिगात. पहिल्या ढिगातले विजय बऱ्याच अंशी बचावफळीचे असतात. क्वार्टरबॅकविषयी खरी माहिती देतो तो दुसरा ढीग.

बेनेटच्या २०२१ च्या हंगामाला ही पद्धत लावली की टीकाकारांची बाजू किती भक्कम होती ते कळते. त्या वर्षीची जॉर्जियाची बचावफळी प्रतिस्पर्ध्यांना सामन्यामागे सरासरी दहाच्या आसपास गुण देत होती, आणि तिच्यातले तब्बल ५ खेळाडू पुढच्या एप्रिलमध्ये एनएफएल या व्यावसायिक लीगच्या ड्राफ्टच्या (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीच्या) पहिल्याच फेरीत निवडले गेले. संपूर्ण हंगामात प्रतिस्पर्ध्याने २० हून अधिक गुण केले असा एकच सामना होता, ४ डिसेंबर २०२१ रोजीचा अलाबामाविरुद्धचा, आणि तो जॉर्जियाने २४–४१ असा गमावला. आदल्या वर्षीही अलाबामाने ४१ आणि फ्लोरिडाने ४४ गुण केले तेव्हा बेनेटच्या नावावर पराभवच लागले होते. कारकिर्दीतले त्याचे तीनही पराभव हेच. तेव्हा ‘बचावफळी ढेपाळली की हा संघाला वाचवू शकत नाही’ असे डिसेंबर २०२१ मध्ये म्हणणारा चाहता मूर्ख नव्हता. त्या तारखेपर्यंतचा पुरावा त्याच्याच बाजूने होता.

पण पुरावा तारखेनिशी बदलतो, आणि तो बदलला की मत बदलावे लागते. २०२२ मध्ये बचावफळीचे ते पाच खेळाडू गेलेले होते, आणि प्रतिस्पर्ध्याने २० हून अधिक गुण केले असे चार सामने झाले. केंट स्टेटने २२, मिसूरीने २२, लुइझियाना स्टेटने (एलएसयू) ३० आणि ओहायो स्टेटने ४१ गुण केले. जॉर्जियाने चारही जिंकले. यातला मिसूरीचा सामना पाहायला अजिबात देखणा नव्हता. चौथ्या सत्रात १० गुणांनी मागे पडून जॉर्जियाने तो २६–२२ असा जेमतेम खेचून आणला आणि दुसऱ्या दिवशी बेनेटवर पुन्हा टीका झाली. मात्र ढिगांचा हिशोब करताना तो विजय इतर तीन विजयांच्या शेजारी ठेवावा लागतो, आणि मग २०२१ चा आक्षेप २०२२ मध्ये जसाच्या तसा चालू ठेवणे कठीण होते.

त्याला काम काय दिले होते ते विचारावे

‘गेम मॅनेजर’ हा शिक्का चाहते फार सहज मारतात. त्यामागचा आरोप असा असतो की, हा क्वार्टरबॅक स्वतः काही घडवत नाही, तो फक्त चेंडू धावपटूच्या हातात देतो आणि चुका टाळतो. आरोप खरा असेलही, पण तो क्वार्टरबॅकच्या कुवतीविषयी आहे की प्रशिक्षकाच्या योजनेविषयी, हे आधी ठरवले पाहिजे.

११ नोव्हेंबर २०२३ रोजी मिशिगनने पेन स्टेटला त्यांच्याच मैदानावर २४–१५ असे हरवले. त्या दिवशी मिशिगनच्या जे. जे. मॅकार्थीने ८ पास फेकले, ७ पूर्ण केले, ६० यार्ड मिळवले, आणि उत्तरार्धात अधिकृत नोंदीप्रमाणे एकही पास फेकला नाही. अनेकांनी यातून निष्कर्ष काढला की प्रशिक्षकांचा त्याच्यावर विश्वास नाही. मला तो निष्कर्ष घाईचा वाटतो. पेन स्टेटची बचावफळी क्वार्टरबॅकवर तुटून पडणारी होती, मिशिगन आघाडीवर होता, आणि नुसते धावून घड्याळ खाता येत असेल तर चेंडू हवेत सोडून जोखीम घेण्याचे काही कारण नव्हते. आघाडीवरचा संघ पास टाळतो तेव्हा त्यातून क्वार्टरबॅकविषयी थोडेच कळते, पण पिछाडीवर असूनही संघ पास टाळू लागला तर ते मात्र गंभीर लक्षण समजावे.

म्हणून प्रत्येक सामन्याबाबत असे पाहावे की संघ मागे होता तेव्हा पासांचे प्रमाण वाढले की नाही, आणि वाढले तेव्हा काय झाले. मॅकार्थीच्या बाबतीत याचे उत्तर १ जानेवारी २०२४ च्या रोझ बोल या उपांत्य सामन्यात मिळाले. अलाबामाविरुद्ध १३–२० असे मागे असताना त्याला शेवटच्या काही मिनिटांत ७५ यार्ड पार करायचे होते. चौथ्या डाउनला (१० यार्ड पुढे जाण्यासाठी मिळणाऱ्या चार प्रयत्नांतल्या शेवटच्या प्रयत्नाला) २ यार्ड हवे असताना, म्हणजे चुकले तर सामना हातातून जवळजवळ गेलाच अशा वेळी, त्याने ब्लेक कोरमला छोटा पास दिला आणि संघ पुढे सरकला. टचडाउनही (चेंडू गोलरेषेपार नेऊन मिळणारे गुण) त्याच्याच पासवर झाला आणि मिशिगनने तो सामना जादा वेळेत २७–२० असा जिंकला. त्याच्या नावावर त्या दिवशी ३ टचडाउन पास होते. पेन स्टेटच्या सामन्यात त्याला हे काम दिलेच नव्हते, त्यामुळे ते त्याला येत नाही असे म्हणण्याला तिथे आधार नव्हता.

आकडे वाचताना

आकड्यांकडे दुर्लक्ष करू नये, पण ते कसे तयार होतात हे जाणून मगच ते वापरावेत. कॉलेज फुटबॉलमधले पासर रेटिंग (पासांचा दर्जा मोजणारा आकडा) असे काढतात: मिळालेल्या यार्डांना ८.४ ने, टचडाउन पासांना ३३० ने आणि पूर्ण झालेल्या पासांना १०० ने गुणून बेरीज करायची, तीतून प्रत्येक इंटरसेप्शनमागे (प्रतिस्पर्ध्याने पकडलेल्या पासमागे) २०० वजा करायचे, आणि उरलेल्या संख्येला एकूण प्रयत्नांनी भागायचे. एनएफएलचे सूत्र वेगळे असून त्यात १५८.३ ही कमाल मर्यादा आहे. कॉलेजमधल्या खेळाडूचे १७० आणि एनएफएलमधल्या खेळाडूचे ११० शेजारी ठेवून बोलणारा माणूस भेटला, तर चर्चा तिथेच थांबवलेली बरी.

सूत्रात भागाकार प्रयत्नांनी होत असल्यामुळे कमी पास फेकणाऱ्या क्वार्टरबॅकला त्याचा फायदा होतो, कारण प्रशिक्षक त्याला सोयीच्या वेळीच पास फेकू देतात. बेनेटचे दोन हंगाम याची उत्तम साक्ष देतात. २०२१ मध्ये त्याने २८७ पास फेकले, १८५ पूर्ण केले, २,८६२ यार्ड मिळवले, २९ टचडाउन आणि ७ इंटरसेप्शन अशी नोंद केली. रेटिंग आले १७६.७. २०२२ मध्ये त्याने ४५४ पास फेकले, ३१० पूर्ण केले, ४,१२७ यार्ड मिळवले, २७ टचडाउन आणि पुन्हा ७ इंटरसेप्शन. रेटिंग आले १६१.२. नुसते रेटिंग पाहणाऱ्याला वाटेल की तो दुसऱ्या वर्षी घसरला. प्रत्यक्षात त्याच्यावरचा भार दीडपटीहून अधिक वाढला, इंटरसेप्शन एकानेही वाढले नाहीत, आणि प्रत्येक प्रयत्नामागे मिळणारे यार्ड १० वरून ९ च्या थोडे वर आले, जे कोणत्याही वर्षी उत्तमच मानले जाईल. माझ्या मते २०२२ चा बेनेट २०२१ च्या बेनेटपेक्षा निःसंशय अधिक मोलाचा खेळाडू होता, आणि त्या वर्षी तो हाइझमन पुरस्काराच्या (कॉलेज फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूसाठीच्या) अंतिम चौघांत आला ते योग्यच होते.

दुबळ्या प्रतिस्पर्ध्यांविरुद्धचे आकडे वेगळे काढावेत. सप्टेंबर २०२१ मध्ये यूएबीविरुद्ध (बर्मिंगहॅममधले अलाबामा विद्यापीठ) बेनेटने १२ पास फेकून १० पूर्ण केले, २८८ यार्ड मिळवले आणि ५ टचडाउन दिले. असा एक सामना संपूर्ण हंगामाची सरासरी फुगवतो. कोणावर टीका करायची असो किंवा कोणाचा बचाव करायचा असो, तगड्या प्रतिस्पर्ध्यांविरुद्धचे चार-पाच सामनेच समोर ठेवावेत.

आणखी एक बारकावा बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. कॉलेजच्या नोंदींत क्वार्टरबॅक सॅक झाला, म्हणजे पास फेकण्याआधीच पाडला गेला, की गेलेले यार्ड त्याच्या धावण्याच्या खात्यातून वजा होतात. त्यामुळे ‘आठ वेळा धावून उणे पाच यार्ड’ अशी नोंद दिसली तर तो धावू शकत नाही असे समजू नये. त्याच्यापुढची लाइन (त्याला वाचवणारी खेळाडूंची रांग) कोसळत होती का, की तोच चेंडू हातात धरून उभा राहत होता, हे सामना पाहूनच ठरवावे लागते.

योजना कोलमडल्यानंतरचा खेळ सर्वांत बारकाईने पाहावा

क्वार्टरबॅकच्या कसोटीचे प्रसंग सामन्यात फार नसतात. लाइन टिकते, ठरलेला खेळाडू ठरलेल्या जागी मोकळा सापडतो, पास जातो. असे पन्नास पास पाहूनही एका खेळाडूचा दुसऱ्याहून वेगळेपणा कळत नाही. तो कळतो तिसऱ्या डाउनला ७ किंवा अधिक यार्ड हवे असताना, लाइन फुटून त्याला जागा सोडावी लागते तेव्हा, आणि सर्वांत जास्त म्हणजे त्याने स्वतः मोठी चूक केल्यानंतरच्या पुढच्या ताब्यात. वेळ कमी असेल तर सामन्याच्या चित्रफितीत फक्त हे प्रसंग पाहावेत. पाहताना पास पूर्ण झाला की नाही याआधी हे टिपावे की त्याची नजर एकाच खेळाडूवर खिळली होती की फिरत होती, दबाव आल्यावर पाय स्थिर राहिले की नाही, आणि काहीच जमत नसताना त्याने चेंडू मैदानाबाहेर फेकून नुकसान टाळले की गर्दीत भिरकावला. निर्णय चांगला आणि परिणाम वाईट, किंवा निर्णय वाईट आणि परिणाम चांगला, असे सतत होत असते, म्हणून दोन्ही वेगवेगळे टिपणे आवश्यक आहे.

१० जानेवारी २०२२ च्या अंतिम सामन्याचे चौथे सत्र या दृष्टीने पुन्हा पुन्हा पाहण्यासारखे आहे. जॉर्जिया १३–१२ असा पुढे असताना बेनेटला अलाबामाच्या ख्रिश्चन हॅरिसने गाठले. पडता पडता त्याने चेंडू सोडला, तो फंबल (हातातून निसटलेला चेंडू) ठरला, अलाबामाला गोलरेषेजवळ ताबा मिळाला आणि ते १८–१३ असे पुढे गेले. चाहत्यांना दीर्घकाळ ज्याची भीती वाटत होती नेमके तेच घडले होते, आणि तेही अलाबामाविरुद्धच. पुढच्याच ताब्यात त्याने अडोनाय मिचेलला ४० यार्डांचा टचडाउन पास दिला. त्यानंतरच्या ताब्यात ब्रॉक बॉवर्सला १५ यार्डांचा. शेवटी केली रिंगोने अलाबामाचा पास अडवून ७९ यार्ड धावत टचडाउन केला आणि गुणफलक ३३–१८ वर थांबला. बेनेटचे त्या दिवसाचे आकडे २६ पैकी १७ पास, २२४ यार्ड, २ टचडाउन असे होते. वरच्या सूत्राने रेटिंग येते १६३ च्या आसपास. महिनाभरापूर्वी त्याच प्रतिस्पर्ध्याविरुद्ध ४८ पैकी २९ पास, ३४० यार्ड, ३ टचडाउन, २ इंटरसेप्शन ही नोंद होती आणि तिचे रेटिंग १३२ येते. यार्ड कमी, पण खेळ सरस.

इथे टीकाकारांच्या वतीने एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवली पाहिजे. अलाबामाचे दोन प्रमुख रिसीव्हर (पास झेलणारे खेळाडू) त्या रात्री अखेरपर्यंत मैदानावर नव्हते. जॉन मेची डिसेंबरच्या सामन्यात जखमी झाला होता आणि जेमसन विल्यम्स याच सामन्याच्या पूर्वार्धात. जॉर्जियाच्या बचावफळीचे काम त्यामुळे हलके झाले, आणि बेनेटला १८ गुणांचा पाठलाग करायचा होता, ४१ चा नव्हे. चौथ्या सत्रातली त्याची मानसिक कणखरता यामुळे कमी होत नाही, पण ‘ढीग दोन’चा आक्षेप त्या रात्री निकाली निघाला असेही म्हणता येत नाही.

तो निकाली निघाला ३१ डिसेंबर २०२२ रोजी, अटलांटात, पीच बोल या उपांत्य सामन्यात. ओहायो स्टेटविरुद्ध तीन सत्रांनंतर जॉर्जिया २४–३८ असा मागे होता. त्या रात्री बेनेटने सुरुवातीला एक इंटरसेप्शन दिले होते आणि मधला बराच काळ तो चाचपडत होता. ते पाहून कोणी ‘हाच तो आपला जुना बेनेट’ म्हटले असेल तर नवल नाही. चौथ्या सत्रात त्याने एरियन स्मिथला ७६ यार्डांचा टचडाउन पास दिला, आणि शेवटी ३५–४१ असे मागे असताना अडीच मिनिटांच्या आसपास वेळ उरलेली पाहून ७२ यार्डांची चढाई केली, जी ५४ सेकंद शिल्लक असताना मिचेलकडच्या टचडाउन पासवर संपली. ४२–४१. त्या रात्री त्याच्या नावावर ३९८ यार्ड लागले. प्रतिस्पर्ध्याने ४० हून अधिक गुण करण्याची कारकिर्दीतली ती चौथी वेळ होती, आणि या वेळी तो हरला नाही.

आता यातला नशिबाचा भागही बाजूला काढावा. स्मिथला तो पास मिळाला तेव्हा त्याच्यावर नजर ठेवणारा बचावपटू घसरून पडला होता. ओहायो स्टेटचा प्रमुख रिसीव्हर मार्विन हॅरिसन ज्युनियर जखमी होऊन बाहेर गेला होता. आणि ओहायो स्टेटची शेवटची, ३ गुण देऊ शकणारी ५० यार्डांची फील्ड गोल किक चुकली म्हणून जॉर्जिया जिंकला, ती बरोबर गेली असती तर बेनेटचा प्रत्येक पास तोच राहून त्याच्या नावापुढे चौथा पराभव लागला असता. ही कसोटी नेहमी लावावी: शेवटची किक उलटी पडली असती तर या खेळाडूविषयीचे माझे मत बदलले असते का? उत्तर ‘हो’ येत असेल, तर मत क्वार्टरबॅकविषयी नसून किक मारणाऱ्याविषयी आहे. अशा प्रसंगी पराभूत सामन्यांनाही न्याय मिळतो. ९ जानेवारी २०१७ च्या अंतिम सामन्यात अलाबामाचा जेलन हर्ट्स, तेव्हा पहिल्याच वर्षातला विद्यार्थी, ३१ पैकी १३ पासच पूर्ण करू शकला आणि क्लेमसनने ३५–३१ असा सामना जिंकला. पण दोन मिनिटांच्या आसपास वेळ उरलेली असताना ३० यार्ड धावून अलाबामाला आघाडी मिळवून दिली होती ती हर्ट्सनेच, आणि ती गेली एक सेकंद शिल्लक असताना. पासांचा दर्जा त्या रात्री खरोखर वाईट होता. दडपण पेलता येत नाही हा आरोप मात्र टिकत नाही.

टीका कुठून येते तेही तपासावे

सगळी टीका मैदानावरच्या खेळातून जन्मत नाही. शाळकरी खेळाडूंना भरतीच्या वेळी गुणवत्तेनुसार तारे देण्याची पद्धत आहे. डॅनियल्स पाच तारे घेऊन आधी सदर्न कॅलिफोर्नियाला गेला आणि मग जॉर्जियाला आला, बेनेट शिष्यवृत्तीविना आला. पहिल्याची चूक ‘आजचा दिवस वाईट’ ठरते, दुसऱ्याची चूक ‘शेवटी लायकी दिसली’ ठरते. उंची, हाताची ताकद, चेंडूचा सुरेख फिरता झोत, या गोष्टी डोळ्यांत भरतात म्हणून त्यांना नको इतके वजन मिळते. राखीव क्वार्टरबॅक तर नेहमीच लोकप्रिय असतो, कारण त्याने अद्याप कोणाची निराशा केलेली नसते.

पारंपरिक शत्रूविरुद्धचा एक पराभव दहा विजय पुसून टाकतो, हेही याच सदरात मोडते. ओहायो स्टेटचा विल हॉवर्ड ३० नोव्हेंबर २०२४ रोजी मिशिगनविरुद्ध २ इंटरसेप्शन देऊन १०–१३ असा हरला तेव्हा त्याच्याविषयी जे बोलले गेले, ते जानेवारीत त्याच संघाने नोत्र दामला ३४–२३ असे हरवून विजेतेपद घेतल्यावर कोणी पुन्हा उच्चारले नाही. अंतिम सामन्यात त्याने २१ पैकी १७ पास पूर्ण केले. दोन्ही दिवशीचा खेळ खराच होता, आणि मिशिगनविरुद्धची इंटरसेप्शन नंतरच्या विजेतेपदामुळे चांगली झाली नाहीत.

‘तो चांगला आहे का’ आणि ‘आता कोणाला खेळवावे’ हे प्रश्न वेगळे ठेवावेत

८ जानेवारी २०१८ रोजी अटलांटात जॉर्जियाविरुद्धच्या अंतिम सामन्यात अलाबामा मध्यंतराला ०–१३ असा मागे होता. हर्ट्सने ८ पैकी ३ पास पूर्ण करून २१ यार्ड मिळवले होते. प्रशिक्षक निक सेबन यांनी त्याला बसवून टुआ टागोव्हायलोआला उतरवले आणि जादा वेळेत ४१ यार्डांच्या पासवर अलाबामा २६–२३ असा जिंकला. हर्ट्सची तोवरची नोंद २५ विजय आणि २ पराभव अशी होती. या निर्णयातून हर्ट्स वाईट क्वार्टरबॅक होता असे सिद्ध होत नाही. त्या बचावफळीविरुद्ध, त्या पिछाडीवर, पुढच्या अर्ध्या सामन्यासाठी दुसरा पर्याय सरस होता एवढेच सिद्ध होते. त्याच वर्षाच्या १ डिसेंबरला, त्याच अटलांटाच्या मैदानावर, त्याच जॉर्जियाविरुद्ध टुआ जखमी झाल्यावर हर्ट्स चौथ्या सत्रात उतरला, ७ गुणांची पिछाडी त्याने एका पासने आणि एका धावेने भरून काढली, आणि अलाबामा ३५–२८ असा जिंकला.

राखीव खेळाडूची मागणी करणाऱ्याने म्हणून नेमका दावा मांडावा. सध्याच्या खेळाडूला कोणते काम जमत नाही, ते काम पुढच्या प्रतिस्पर्ध्याविरुद्ध लागणार आहे का, आणि राखीव खेळाडूला ते जमते याचा पुरावा कुठल्या सामन्यात आहे, या तीन गोष्टी सांगता येत नसतील तर मागणी सोडून द्यावी. डिसेंबर २०२१ मध्ये डॅनियल्सच्या बाजूने पहिल्या गोष्टीचा पुरावा होता, तिसऱ्याचा फारच थोडा होता, कारण त्या हंगामात तो दुखापतींमुळे मोजकाच खेळला होता. प्रशिक्षक कर्बी स्मार्ट यांनी बेनेटलाच कायम ठेवले, आणि ३१ डिसेंबरला त्याने मिशिगनविरुद्ध ३१३ यार्ड व ३ टचडाउन देऊन उपांत्य सामना ३४–११ असा जिंकून दिला. निर्णय तेव्हाच्या माहितीवरही समर्थनीय होता, निकाल नंतर लागला.

एनएफएलमध्ये कोण चालेल हा आणखी तिसरा प्रश्न आहे. २०२३ च्या ड्राफ्टमध्ये बेनेटला लॉस एंजेलिस रॅम्सने चौथ्या फेरीत, १२८ व्या क्रमांकावर घेतले. मॅकार्थीला २०२४ मध्ये मिनेसोटा वायकिंग्सने दहाव्या क्रमांकावर घेतले. ज्याला कॉलेजच्या अंतिम सामन्यात मध्यंतराला बसवले होते तो हर्ट्स फेब्रुवारी २०२५ मध्ये फिलाडेल्फिया ईगल्सकडून सुपर बोलचा, म्हणजे एनएफएलच्या अंतिम सामन्याचा, सर्वोत्तम खेळाडू ठरला. व्यावसायिक संघ वय, उंची, हात आणि पुढच्या दहा वर्षांची शक्यता पाहतात. विद्यापीठाच्या चाहत्याला येत्या शनिवारचा सामना पाहायचा असतो. एप्रिलमधला ड्राफ्टचा क्रमांक ऑक्टोबरमधल्या वादात पुरावा म्हणून आणू नये, आणि ऑक्टोबरमधले विजय ड्राफ्टच्या चर्चेत आणतानाही ते कोणत्या ढिगातले आहेत ते आधी सांगावे.